काचेवरचा हिमालय

निसर्गाचे सौंदर्य पाहण्यास दोन डोळे पुरेसे आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास पाहता डोळ्यांनाही शिक्षण लागते असे दिसून येते. हे शिक्षण पूर्वी कवींनी व चित्रकारांनी दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छायाचित्रकारही त्या पंक्तीस येऊन बसला. हिमालयाच्या बाबतीत अशा शिक्षकांमध्ये सॅम्युएल बोर्न याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आम्हां कारकुनी पेशाच्या मंडळींस त्याची हकीकत विशेष जवळची वाटावी. कारण हा गृहस्थ मूळचा इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरच्या एका बँकेतील कारकून होता.

नोकरीस रामराम ठोकून १८६३ च्या आरंभी बोर्न कलकत्त्यास उतरला आणि तेथून सिमल्यास गेला. पुढच्याच वर्षी सिमला ही हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी ठरली, आणि उन्हाळा आला की साहेब, कारकून व दप्तरे डोंगर चढू लागली. या डोंगरांची चित्रे विकत घेऊन घरी धाडणारे गिऱ्हाईक त्यामुळे आयतेच मिळाले. चार्ल्स शेफर्ड याच्या भागीदारीत ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही पेढी नावारूपास आली. परंतु केवळ गिऱ्हाइकांवर दृष्टी ठेवणारा मनुष्य सिमल्याच्या आसपासच रमला असता. बोर्नने १८६३, १८६४ आणि १८६६ या साली हिमालयात तीन मोठे प्रवास केले. पहिल्यात त्याने सतलजचे खोरे पाहिले, दुसऱ्यात काश्मीर, आणि तिसऱ्यात कुलू, स्पिती व गंगोत्रीचा प्रदेश. याच शेवटच्या प्रवासात सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्याने छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवर तोपर्यंत कोणीही छायाचित्र घेतलेले नव्हते.

यातील श्रमांची कल्पना आज सहजासहजी येणार नाही. त्या काळी फिल्म नव्हती. चित्र काचेवर उमटवावे लागे. काच स्वच्छ करून तीवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सर्वत्र सारखा ओतावयाचा, काळोख्या तंबूत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. लगेच तंबूत परतून ती रसायनांनी धुतली नाही, तर सारे श्रम वाया जात. वारा सुटला की झाडे हलत आणि चित्र पुसट होई. धूळ उडाली की काच डागाळे. त्या रसायनांना निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे आकाश बहुधा कोरे पांढरे उमटे. तंबू, जड काचा, द्रावणांच्या बाटल्या असा सारा कारखाना पाठीवर वाहून नेण्यास हमालांचा तांडाच लागे.

या खटाटोपाचा एक अनपेक्षित लाभ झाला. प्रत्येक काच मोलाची असल्याने बोर्नला एकेका दृश्यासमोर तासन्‌तास थांबावे लागे. ऊन कोणत्या कड्यावर केव्हा येते, धुके केव्हा विरते, देवदारांची रांग कोठून नीट दिसते, हे न्याहाळता न्याहाळता त्याची नजर घडत गेली. छायाचित्रणास लागण्यापूर्वी सृष्टीतील सौंदर्याचा अर्धा भागही आपणास दिसत नव्हता, असे त्याने इंग्लंडातील छायाचित्रणविषयक नियतकालिकात स्वतःच नमूद केले आहे. ज्यांना हिमालयाचे दर्शन कधी घडणार नव्हते, अशा कितीतरी घरांत त्याच्या चित्रांनी तो नेऊन पोहोचविला.

तरीही या नजरेला मर्यादा होत्या, आणि त्या आम्हांस अधिक बोधप्रद वाटतात. बोर्न हिमालयात इंग्लंड शोधीत होता. तळे, त्याकाठची झाडी, मधून दिसणारा एखादा पूल, अशी मायदेशी रुळलेली रचना त्याला हवी असे. काश्मीरमध्ये ती मिळाली. उघड्याबोडक्या, अफाट पर्वतरांगा मात्र त्याला चित्राच्या चौकटीत मावेनात. आपल्यातील किती जण दूर बदली झाल्यावर तेथल्या टेकडीत सह्याद्री आणि नदीत कृष्णा शोधीत बसतात! ती सापडली नाही, म्हणजे त्या मुलुखात पाहण्याजोगे काही नाही असा निकाल देऊन मोकळे होतात.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बोर्नचे हमाल बहुधा स्थानिक अंमलदारांच्या हुकुमाने मिळत. असे लोक बर्फात, अनवाणी किंवा गवती पादत्राणांनिशी, दुसऱ्याच्या काचा वाहण्यास नाखूश असले तर नवल नव्हते. ते पळून जात तेव्हा बोर्न काठी घेऊन त्यांना शोधून आणी, आणि हे त्याने निःसंकोचपणे लिहूनही ठेवले आहे. मणिरंगचे नाव व उंची इतिहासात नोंदली गेली. तेथवर काचा पोहोचविणाऱ्यांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत. कड्यावरच्या उन्हाची वाट तासन्‌तास पाहणाऱ्या डोळ्यांना शेजारी ओझे घेऊन उभा असलेला मनुष्य दिसू नये, ही त्या सुंदर चित्रांमागची काळी बाजू होय. सिमल्याच्या डोंगरांतील या बेगारीविरुद्ध पुढे १९२०-२१ च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स यांच्या पुढाकाराने चळवळ उभी राहिली.

बोर्न सन १८७० च्या सुमारास स्वदेशी परतला आणि १९१२ साली निवर्तला. त्याच्या पेढीच्या कलकत्त्यातील इमारतीस १९९१ साली आग लागून जुना संग्रह मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला. २०१६ साली पेढीच बंद पडली. सुदैवाने, त्याच्या चित्रांच्या कागदी प्रती जगभरच्या संग्रहालयांतून सुरक्षित आहेत.

दोनतीन वर्षांसाठी परमुलखात येणाऱ्या नोकरदारास त्या प्रती दुहेरी धडा देतात. बदलीच्या गावी डोंगर व नदी यांच्यासमोर बोर्नसारखे थांबावे, म्हणजे त्या मुलुखाचे खरे रूप दिसू लागते. आणि ज्यांच्या आधाराने आपण तेथे वावरतो, त्यांची निदान नावे तरी विचारावीत. आपल्या मुक्कामाची कागदोपत्री नोंद सरकारी दप्तरात होतेच. ही दुसरी नोंद ज्याची त्यानेच ठेवावयाची असते.