सोलापूरचे डॉक्टर कोटणीस : सेवा केली आणि शिकवूनही गेले

॥ श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. या अंकात दिंडीच्या जुन्या विणेकऱ्यांवर, चोपदारांवर, पंगती घालणाऱ्या मंडळींवर लेख येतीलच. आमच्याकडं मंडळींनी इतिहासातलं काहीतरी मागितलं. आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. पण एक दृष्टांत आम्ही कीर्तनात बरीच वर्षं लावत आलो आहोत, तोच इथं लिहून देतो. तो आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचा. माळ-टिळ्यासाठी नव्हे, सेवेसाठी आम्ही त्यांचं नाव घेतो.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वडील शांताराम गिरणीत नोकरीला. घर मोठं, मिळकत बेताची. तरी वडिलांनी पोराला मुंबईला शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात घातलं आणि पोरगं डॉक्टर झालं. आता माऊली, विचार करा. बेताच्या घरातला मुलगा डॉक्टर झाला, म्हणजे घरच्यांची नजर कुठं लागणार? हा आता दवाखाना घालील, घर वर काढील, हेच ना? ही आशा काही वाईट नव्हे. तुमच्या-आमच्या घरी तेच होतं.

पण त्याच वेळेला जपाननं चीनवर स्वारी केली होती. १९३७ सालापासून तिथं लढाई पेटलेली. माणसं मरत होती आणि जखमा बांधायला डॉक्टर नव्हते. चीनचे सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशात हाक दिली, लोकांनी पैसा जमवला. आपण स्वतः तेव्हा इंग्रजाच्या राज्यात, पण दुसऱ्याच्या घराला आग लागलेली बघून आपल्या लोकांनी हात आखडला नाही. पाच डॉक्टर निघाले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. त्यात चोळकर नागपूरचे. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली. कोटणीसांचं वय तेव्हा अठ्ठावीसही पुरं नव्हतं.

कँटन बंदरात उतरून, गावोगावच्या दवाखान्यांत काम करत करत, १९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. तिथं माणसं डोंगरात कोरलेल्या गुहांत राहत, दवाखानासुद्धा गुहेतच. तिकडं असतानाच वडील वारल्याची बातमी आली. घरी परत जायला याहून मोठं कारण कुठलं? पण हातातलं काम टाकून ते निघाले नाहीत. बाकीचे चौघे पुढं-मागं मायदेशी आले, त्यात त्यांना उणेपणा काही नाही. त्यांनीही सेवा केलीच. कोटणीस मात्र लढाईच्या अगदी तोंडावर, वुताई डोंगराच्या मुलखात गेले. १९४० च्या मोठ्या लढाईत जखमी एकामागून एक येत राहिले, तेव्हा सलग ७२ तास झोप न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. एकादशीचा एक रात्रीचा जागर आपल्याला जड जातो, हे तीन दिवस आणि तीन रात्री.

त्या मुलखात त्यांच्या आधी नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे डॉक्टर होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, विष अंगात भिनलं आणि १९३९ च्या नोव्हेंबरात ते वारले. त्यांच्या नावानं जो दवाखाना चालला, त्याचे प्रमुख म्हणून १९४१ साली कोटणीसांना नेमलं. सोलापूरचा माणूस, कॅनडावाल्याची गादी, आणि सेवा चिनी शेतकऱ्याची. तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे ते सभासदही झाले.

आता आमच्या दृष्टांताचा गाभा ऐका. कोटणीस नुसते कापाकापी करणारे डॉक्टर राहिले नाहीत, ते शिक्षक झाले. परकी भाषा, लिपी तर आपल्याला किड्यामुंगीच्या पायांसारखी दिसते. ती ते बोलायला, लिहायला शिकले आणि तिथल्या पोरापोरींना त्यांच्याच भाषेत वैद्यकी शिकवू लागले. शस्त्रक्रियेवर चिनीत पुस्तक लिहायला घेतलं. का? तर डॉक्टर एकटा असला तर हात दोनच. ते दोन हात थांबले की सेवा थांबली. दहा जणांना शिकवलं तर वीस हात चालू राहतात.

१९४१ साली दवाखान्याच्या शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला, त्याचं नाव इनहुआ. इन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. पण कोटणीसांना फेफऱ्याचा आजार जडला होता. अंगात त्राण नसताना काम चालूच ठेवलं. ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्यानंच त्यांना नेलं. वय अवघं बत्तीस, लेकरू चार महिन्यांचंही नव्हतं. पुस्तक अर्धं राहिलं.

आज चीनमध्ये हपेई प्रांतात शिज्याच्वांग इथं त्यांची समाधी आहे, लोक तिथं फुलं वाहतात. १९४६ साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. सोलापुरात भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक केलं आहे. वारीनिमित्त सोलापूरवरून जाणं झालं तर माऊली, तिथं दोन मिनिटं थांबून पुढं चला.

बत्तीस वर्षांचं आयुष्य आणि शंभर वर्षांची दिंडी, यांचा मेळ आम्ही असा घालतो. आपली दिंडी शंभर वर्षं चालली ती कुणा एकाच्या पुण्याईवर नव्हे. म्हाताऱ्यानं पोराच्या हातात टाळ दिला, मृदंगाचे बोल तोंडानं म्हणून म्हणून शिकवले, चाल बसवून घेतली, म्हणून चालली. ज्यानं आपली विद्या गाठोड्यात बांधून ठेवली, त्याची विद्या त्याच्याबरोबर सरणावर गेली.

आज दिंडीत मृदंगाला नवीन हात कमी पडत्यात, हे सगळ्यांना दिसतंय. वाटेत कुणाच्या पायाला फोड येतात, कुणाला ऊन लागतं, म्हातारं माणूस चक्कर येऊन बसतं, आणि आपण डॉक्टरची गाडी कुठंय म्हणून धावतो. म्हणून आमची मंडळींना हात जोडून विनंती : शताब्दीचा मंडप घाला, पंगती घाला, पण गावातली दोन पोरं मृदंगाला बसवा आणि दोन पोरं-पोरी जखम बांधायला, प्रथमोपचाराला शिकून तयार करा. ज्यांना येतंय त्यांनी हातचं राखू नका. कोटणीसांना श्रद्धांजली वाहायची तर ती अशी वाहावी, एवढंच आमचं मागणं.

रामकृष्ण हरी.