बटाटा पिकाचे काटकसरीचे सिंचन

बटाटा पिकाचे काटकसरीचे सिंचन म्हणजे जमिनीची ओल धरण्याची क्षमता, पिकाची वाढीची अवस्था आणि हवामान पाहून, मुळांच्या थरापुरतेच पाणी देण्याची पद्धत होय. येथे काटकसर म्हणजे पिकाला तहानलेले ठेवणे नव्हे. बटाटा पाण्याचा ताण फारसा सोसत नाही. बचत साधते ती मुळांच्या खाली निघून जाणारे आणि उघड्या जमिनीतून उडून जाणारे पाणी वाचवून.

महाराष्ट्रात बटाट्याची लागवड प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड आणि सातारा जिल्ह्यातील खटाव व कोरेगाव या तालुक्यांत होते. सोलापूर जिल्हा या पट्ट्यात मोडत नाही. तरीही पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या भीमा खोऱ्यातील गावांच्या परिस्थितीवरून हा विषय चांगला समजतो. पाऊस बेताचा, मुरमाड माळरान आणि नदीकाठची खोल काळी जमीन एकाच परिसरात, आणि बागायतीची भिस्त कालवा, विहीर व कूपनलिका यांवर.

जमीन आणि पाण्याची पाळी

बटाट्याची बहुतेक मुळे वरच्या ३० ते ४० सें.मी. थरात असतात. पिकास उपलब्ध होऊ शकणाऱ्या ओलीपैकी साधारण एक तृतीयांश ओल संपली की पुढचे पाणी द्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. एक मीटर खोलीत हलकी वाळूमिश्रित जमीन सुमारे ६० मि.मी., पोयट्याची मध्यम जमीन सुमारे १४० मि.मी. आणि भारी चिकण जमीन सुमारे २०० मि.मी. उपलब्ध ओल धरते. मुळांची खोली ४० सें.मी. धरली, तर एका पाळीत भरून काढावयाची तूट अनुक्रमे ८, २० आणि २८ मि.मी.च्या आसपास येते. थंडीच्या दिवसांत भरात आलेले पीक रोज सुमारे ४ मि.मी. पाणी घेते असे मानल्यास दोन पाळ्यांतील अंतर हलक्या जमिनीत २, मध्यम जमिनीत ५ आणि भारी जमिनीत ७ दिवस ठरते. एकरी १० मि.मी. म्हणजे सुमारे ४०,००० लिटर पाणी.

खरी अडचण येथेच आहे. पाटाने एका वेळी ५० मि.मी.पेक्षा कमी पाणी शेतभर सारखे पसरवणे कठीण जाते. हलक्या जमिनीचा हा थर पूर्ण सुकलेला असला तरी त्यात २४ मि.मी.पेक्षा जास्त पाणी मावत नाही. म्हणजे दिलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मुळांखाली जाते आणि त्याबरोबर नत्रही वाहून जाते. शिवाय शेजपाळीने येणारे कालव्याचे आवर्तन दर दोन दिवसांनी मिळत नाही. त्यामुळे माळरानावर केवळ पाटपाण्याच्या भरवशावर बटाटा घेणे शहाणपणाचे नाही. आवर्तनाचे पाणी शेततळ्यात साठवून ठिबकने थोडे थोडे देणे, हाच तेथील व्यवहार्य मार्ग ठरतो. उजनी धरणाचा साठा वजा पातळीवर जातो अशा वर्षी तर हा फरक पीक हाती येणे आणि न येणे यांतला असतो.

काळ्या जमिनीत अडचण उलटी असते. ती ओल पुष्कळ धरते, पण पाणी हळू मुरते आणि जास्त झालेले पाणी मातीतील हवा घालवते. वाफसा येण्यापूर्वीच पुन्हा पाणी दिल्यास बेणे व कंद सडतात. फार सुकू दिल्यास भेगा पडतात, आणि पुढच्या पाळीचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली जाते. अशा जमिनीत उंच, रुंद वरंबे आणि निचऱ्याची सोय आधी हवी. ठिबक असले तरी रोज संच चालवण्याची सवय येथे घातक ठरते.

वाढीच्या अवस्था

लागवडीनंतर सुमारे महिनाभराने कंद धरू लागतात. या काळात माती कोरडी राहिली तर कंदांची संख्या घटते आणि खवड्या रोग बळावतो. कंद फुगताना एकदा ताण आणि मग भरपूर पाणी असे झाल्यास कंद तडकतात किंवा त्यांना गाठी फुटून आकार बिघडतो. काढणीच्या आधी ८ ते १० दिवस पाणी तोडतात, म्हणजे साल पक्की होते. भारी जमिनीत ते याहूनही लवकर तोडावे लागते.

रात्रीचे तापमान आणि मातीची उष्णता वाढली की कंद धरणे मंदावते. म्हणून सोलापूरसारख्या उष्ण जिल्ह्यात लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकणे आणि कमी दिवसांचे वाण घेणे हीसुद्धा पाण्याचीच बचत आहे. ‘कुफरी लवकर’ हे असेच एक वाण. त्याच्या नावात हिमाचलातील कुफरी या गावाशेजारी एक मराठी शब्द बसला आहे.

बचतीच्या इतर पद्धती

एक आड एक सरीत पाणी देऊन पुढच्या पाळीस सऱ्या बदलण्याची पद्धत मध्यम व भारी जमिनीत उपयोगी पडते. हलक्या जमिनीत पाणी आडवे पसरत नसल्याने तिचा लाभ कमी. तुषार सिंचनाने पाणी सारखे पडते, मात्र पाने ओली राहून करप्याला वाव मिळतो. ऊसपट्ट्यात सहज मिळणारे पाचट वरंब्यावर पसरल्यास बाष्पीभवन कमी होते आणि माती थंड राहते. पाचट जाळून टाकण्यापेक्षा हा उपयोग निश्चितच बरा.

विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते आधी तपासून घ्यावे लागते, कारण बटाटा क्षारांना बऱ्यापैकी संवेदनशील आहे. ठिबकखाली ओल्या गोलाच्या कडेला क्षार साचतात. चांगला पाऊस न झालेल्या वर्षी ते धुऊन जात नाहीत आणि पुढील पिकाच्या उगवणीवर त्यांचा परिणाम दिसतो.