‘मेजिदिये’ बोटीची परतफेरी

बुधवार पेठेंतील वाचनालयांत बसून इतिहासाची चर्चा करणाऱ्या आम्हां पुणेकरांस पानिपतचा तपशील मुखोद्गत असतो. परंतु आपल्या शहराचें नांव घेऊन लढलेल्या ‘पूना डिव्हिजन’चें काय झालें, हें क्वचितच कोणास सांगतां येतें. तिची कहाणी एका मालवाहू आगबोटीच्या कथेंत बरीचशी सामावलेली आहे.

‘मेजिदिये’ ही लिंच कंपनीची बोट. पहिल्या महायुद्धापूर्वीं ती तैग्रिस नदींत बसरा व बगदाद यांमध्यें माल व उतारू यांची ने-आण करी. १९१४ च्या ऑक्टोबरांत डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली व नोव्हेंबरांत बसरा हस्तगत झालें. पुढें मार्ग नदीचाच. लोहमार्ग नाहीं, पक्की सडक नाहीं, आणि पाणी इतकें उथळ कीं समुद्रांतील जहाजें तेथें निरुपयोगी. तेव्हां ‘मेजिदिये’सारख्या व्यापारी बोटी लष्करी कामास जुंपल्या गेल्या. दोन्ही कुशींस पडाव बांधावयाचे आणि शिपाई, जनावरें, धान्य, दारूगोळा चढवून प्रवाहाविरुद्ध वर न्यावयाचीं, असा क्रम सुरू झाला.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजीं जनरल टाउनशेंड यांनीं बगदादच्या अलीकडे टेसिफन येथें तुर्कांवर हल्ला केला. डिव्हिजनच्या तिन्ही ब्रिगेडींत एकेक मराठा पलटण होती: ११७ वी, १०३ री व ११० वी. चार हजारांहून अधिक माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. जखमींचा अंदाज फारच कमी धरलेला होता. फौज वर नेण्याची विवंचना ज्यांनीं केली, त्यांनीं ती परत आणण्याची केली नव्हती. हाडें मोडलेले लोक खेंचरांच्या धक्के देणाऱ्या गाड्यांतून नदीकांठीं आणण्यांत आले.

त्यांपैकीं सुमारें ६०० जण ‘मेजिदिये’वर व तिच्या पडावांवर भरले गेले. बसऱ्यास पोंचण्यास तिला तेरा दिवस लागले. तेथें ‘व्हरेला’ या इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर हे डॉक्टर होते. बोटीच्या बाजूंवरून दोर लोंबत आहेत, असें त्यांस दुरून वाटलें. बोट जवळ येतां उमगलें कीं, जागचे हलूं न शकणाऱ्या आजाऱ्यांची ती वाळलेली विष्ठा होती! लिहितांना लेखणी अडखळते. परंतु कार्टर यांनीं हें वरिष्ठांस सांगितलें, तेव्हां अटकेची धमकी मिळाली ती त्यांनाच.

१९१७ सालीं चौकशी कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला व भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. परंतु तत्पूर्वींच, २९ एप्रिल १९१६ रोजीं, कूत येथें वेढ्यांत सांपडलेली पूना डिव्हिजन उपासमारीनें शरण गेली होती.

मालाच्या बोटींत माणसें घालणें हा युद्धांतील नाइलाज असेल. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र माल मुक्कामीं पोंचला कीं त्याचा हिशेब मिटतो. माणसांचा हिशेब तीं घरीं परतल्यावांचून मिटत नाहीं. ‘मेजिदिये’ला पाठविणाऱ्यांनीं नेमका हाच भेद विसरला होता.