मोर्चात शस्त्र नेता येते का? कायदा काय सांगतो

मोर्चाच्या तयारीच्या बैठकीत तरुण कार्यकर्ते हमखास विचारतात, "त्यांच्या मिरवणुकीत तलवारी चालतात, मग आपणच रिकाम्या हाताने का जायचे?" या प्रश्नामागचा राग आम्हाला समजतो. म्हणूनच कायदा नीट माहीत असायला हवा.

संविधानातील हक्क

कलम १९(१)(ख) नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क देते. 'विनाशस्त्र' ही अट हक्काच्या व्याख्येतच आहे, त्यामुळे सशस्त्र जमावाला या कलमाचे संरक्षण मिळत नाही. निःशस्त्र जमावावरही सरकारला हवे तसे निर्बंध घालता येत नाहीत. कलम १९(३) नुसार ते वाजवी असावे लागतात आणि देशाची सार्वभौमता व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठीच घालता येतात. रस्त्यावरील सभांचे पोलिसांनी नियमन करावे, पण मनमानी बंदीचा अधिकार त्यांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शाह खटल्यात (१९७३) स्पष्ट केले.

बाबासाहेबांची भूमिका

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क सुचवला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तो होता. बाबासाहेबांनी ही दुरुस्ती नाकारली. ती मागणी परकीय सत्तेच्या काळातली होती. आता प्रत्येकाला बाजारातून हवे ते शस्त्र घेता आले तर राज्यकारभार कसा चालेल, असा त्यांचा मुद्दा होता.

अमेरिकेचे उदाहरण

तिथे शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे आणि काही राज्यांत निदर्शनांतही उघडपणे बंदूक नेता येते. पण मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले आणि त्याच वर्षी भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी नेण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्यांच्यावरूनच १९७२ मध्ये दलित पँथरचे नाव पडले.

आपल्याकडचे कायदे

- शस्त्र अधिनियम, १९५९: बंदुकीला परवाना लागतो. परवाना असला तरी सार्वजनिक ठिकाणी ती परजता येत नाही. सार्वजनिक समारंभात हर्षोल्हासात केलेल्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.
- महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ३७: या आदेशाने तलवारी, भाले, सुरेच नव्हे, तर काठ्या बाळगणे आणि दगड जमवणे यांवरही बंदी घालता येते. झेंड्याच्या जाड काठीवरून वाद होतो तो इथेच.
- भारतीय न्याय संहिता, कलम १८९ व १९०: पाच किंवा अधिक जणांचा समान बेकायदेशीर उद्देश असेल तर जमाव बेकायदेशीर ठरतो. त्यात प्राणघातक शस्त्रासह सामील होणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या उद्देशासाठी एकाने केलेल्या गुन्ह्यात सगळेच दोषी ठरू शकतात.

शीख बांधवांच्या कृपाणाला मात्र कलम २५ मध्येच मान्यता आहे.

आत्मरक्षणाचे काय?

फार कमी कार्यकर्त्यांना माहीत असलेली तरतूद अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम ३ मध्ये आहे. अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास राज्य सरकार अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे जमा करून घेऊ शकते, बेकायदेशीर बंदुका जप्त करू शकते आणि आपल्या लोकांना संरक्षणासाठी परवाने देऊ शकते. गावात धमक्या येत असतील तर या नियमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. हा परवाना जीव व मालमत्तेच्या रक्षणासाठी आहे, मोर्चात मिरवण्यासाठी नाही.

मोर्चाआधी

कलम ३७ चा आदेश लागू आहे का ते पाहा, त्याची प्रत मिळवा. झेंड्यांना हलक्या, बारीक काठ्या लावा. स्वयंसेवक नेमा, कुणी शस्त्र आणले तर त्याला तिथेच थांबवा. दुसऱ्या मिरवणुकीत शस्त्रे दिसली तर चित्रीकरण करून लेखी तक्रार करा.

महाडला १९२७ मध्ये हल्ला झाला तेव्हा आपले लोक चिडले होते, संख्येनेही मोठे होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि पुढची लढाई न्यायालयातही लढवली. गुन्हे दाखल झालेल्या आपल्या पोरांची नोकरी, पासपोर्ट, शिक्षण अडते, हे आम्ही रोज पाहतो. शस्त्र एकाच्या हातात असते, पण बदनाम अख्खा मोर्चा होतो आणि मागणी बाजूला पडते.