सीलिअ‍ॅक रोग

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे होणारा लहान आतड्याचा स्वयंप्रतिरक्षित रोग. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींत आतड्याच्या अस्तरातील बोटांसारखे सूक्ष्म उद्वर्ध झिजतात व अन्नशोषण घटते. जुलाब, पोट फुगणे, मुलांची वाढ खुंटणे, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय ही प्रमुख लक्षणे होत.

सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे वर्णन केले. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात त्याचा गव्हाशी असलेला संबंध दाखवला.

निदान रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी व आतड्याची बायॉप्सी यांवरून होते. तपासणीआधीच गहू बंद केल्यास निदान हुकू शकते.

ग्लुटेनमुक्त आहार हाच उपचार असून तो आजन्म पाळावा लागतो. पोळी, रवा, मैदा, शेवया वर्ज्य. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी चालतात. मात्र गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचा अंश उतरतो. बाजारच्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. भारतीय मानकानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात प्रतिकिलो २० मिग्रॅ.पेक्षा अधिक ग्लुटेन नसावे. पथ्य काटेकोर पाळल्यास बहुतेकांचे आतडे हळूहळू पूर्ववत होते.