ना. वि. जगताप यांचें हस्ताक्षर

इ. स. 2021 च्या डिसेंबरांत, तारीख 3 ते 5 या दिवशीं, नाशिक येथें आडगांवाजवळ अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें 94 वें अधिवेशन भरलें. अध्यक्षस्थानीं डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची निवड झाली होती. परंतु प्रकृति-अस्वास्थ्यामुळें ते येऊं शकले नाहींत. याबद्दल कांहीं मंडळींनीं नाराजीही दर्शविली. आम्हांस मात्र त्या रिकाम्या खुर्चीवरून या कथालेखकाच्या आरंभाचें स्मरण झालें. कारण तो आरंभही एका अर्थीं लेखकाच्या गैरहजेरींतच झाला होता.

मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेंत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. असा कोणी लेखक नव्हताच. ज. वि. ना. हीं आद्याक्षरें उलट क्रमानें वाचलीं म्हणजे ना. वि. ज. होतात. ज्यांस 1965 मध्येंच पद्मभूषण मिळालें होतें, ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील प्राध्यापक आपलें नांव बाजूस ठेवून स्पर्धेंत उतरले होते. परिषदेंत आपलें अक्षर ओळखलें जाईल ही शंका. म्हणून कथेची प्रत त्यांनीं पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली.

आम्हां दप्तरें चाळणारांनीं येथें क्षणभर थांबावें. अक्षराच्या वळणावरून पत्राचा कर्ता ठरविण्याची आपली नित्याची रीत. या प्रतीवरून कोणी तसा निर्णय करूं लागता, तर सही व वळण या दोन्ही साक्षींनीं तो फसता. सुगावा काय तो तीन आद्याक्षरांत. शिवाय, येथें बक्षीस कथेस मिळालें, नांवास नव्हे. थोरांच्या लेखनाविषयीं असें निःशंकपणें क्वचितच म्हणतां येतें.

त्यांच्या कथांस विज्ञानकथा म्हणतात. तथापि त्यांतील कांहींची घडण अस्सल रहस्यकथेची आहे, असें आमचें मत आहे. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेंत डाव्याउजव्याचा उलगडा शेवटपर्यंत राखून ठेविला आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तर आमच्याच अंगणांतली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानें अशा एका जगांत जातात, जेथें पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. 14 जानेवारी 1761 रोजीं विश्वासराव गोळी लागून पडले, हें आपण जाणतों. त्या जगांतील भाऊसाहेबांच्या बखरींत ती गोळी कानाजवळून निघून जाते. गंगाधरपंत परत येतात तेव्हां त्यांच्यापाशीं त्या बखरीचें एक फाटकें पान उरतें. बाकी सर्व हकीकत भ्रम म्हणून सोडून देतां आली असती. पानाचें काय करावयाचें? एका पानानें सिद्धांत डळमळतो, हा अनुभव आमच्यापैकीं अनेकांस आहे. लेखक खगोलशास्त्रज्ञ असूनही त्यांस ही नस अचूक सांपडली होती.

पुढें 2014 चें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यांस मिळालें, तें ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास, कथांस नव्हे. मंगलाबाई 2023 मध्यें निवर्तल्या. नारळीकर स्वतः 20 मे 2025 रोजीं पुणें येथें वारले.

गंगाधरपंतांस त्या दुसऱ्या जगांतील आझाद मैदानावर सभेची रिकामी खुर्ची दिसली, ती त्यांस पाहवली नाहीं. ते चढून बसले व भाषण करूं लागले, तों श्रोत्यांनीं त्यांस पिटाळून लाविलें. नाशिकच्या खुर्चीवर बसावयास कोणी गंगाधरपंत धांवला नाहीं.