न बोललेला शब्द आणि ६२४ आवाज



मागच्या पिढीतल्या घरांत नवरा बायकोला "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असे तोंडाने म्हणत नसे. बाजारातून येताना तिच्या आवडीची भाजी आणायची, ती आजारी पडली की रात्रभर जागायचे, पण बोलायचे नाही. हे फक्त आपल्याकडचेच आहे असे मला वाटत होते. पण इंग्लंडमधल्या एका जोडप्याच्या अशाच कुरबुरीतून जगभर वाजलेले एक गाणे जन्माला आले. आज त्या गाण्याचा इतिहास सांगते.

गाण्याचे नाव 'आय ॲम नॉट इन लव्ह', म्हणजे 'मी प्रेमात नाही'. साल १९७५. गाणारे बँड म्हणजे '१०सीसी'. त्यात चौघे जण होते: एरिक स्ट्युअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम. गाण्याचा प्रकार सॉफ्ट रॉक, म्हणजे रॉकचाच मवाळ भाऊ. दणदणाट कमी, चाल संथ, गळा मऊ.

एरिकची पत्नी ग्लोरिया. लग्नाला काही वर्षे झाली होती. तुम्ही प्रेम आहे असे पुरेसे म्हणत नाही, अशी तिची तक्रार होती. एरिकचे म्हणणे असे की रोज रोज तेच म्हटले तर त्या शब्दांना अर्थ राहणार नाही. हा प्रसंग त्याने पुढे मुलाखतींतून अनेकदा सांगितला आहे. मग त्याने विचार केला, ते शब्द न म्हणता तीच गोष्ट कशी सांगता येईल? त्यातून त्याला एक माणूस सुचला. हा माणूस सारखा सांगत राहतो की मी काही प्रेमात नाही. तिचा फोटो भिंतीवर का, तर म्हणे मागचा डाग झाकायला! ऐकणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळते की गडी पुरता बुडालेला आहे. कळत नाही ते फक्त त्याला.

एरिक आणि ग्रॅहम यांनी मिळून गाणे पुरे केले आणि आधी ते बोसा नोव्हा या ब्राझीलच्या ठेक्यावर बसवले. केव्हिनला ते अजिबात आवडले नाही. शेवटी गाणे रद्द झाले आणि टेपसुद्धा पुसून टाकली. गोष्ट इथेच संपायची. पण स्टुडिओत काम करणारी मंडळी ती चाल येता-जाता गुणगुणत राहिली. ते ऐकून चौघांनी पुन्हा विचार केला. मोठमोठ्या जाणकारांनी टाकून दिलेली वस्तू कामावरच्या माणसांच्या ओठांवर टिकली, हे मला या इतिहासातले फार मोलाचे वाटते.

या वेळी केव्हिननेच सुचवले की वाद्ये बाजूला ठेवू आणि नुसत्या आवाजांवर गाणे उभे करू. पण एवढे आवाज आणायचे कुठून? शेकडो गायकांचा वृंद परवडणार नव्हता. तेव्हा लोलने टेपच्या वेढ्याची युक्ती काढली. ग्रॅहम, केव्हिन आणि लोल एका माइकभोवती उभे राहत आणि एकच सूर 'आ' करून लांबवत. तोच सूर १६ वेळा मुद्रित करायचा. तिघांचे १६ वेळा म्हणजे एका सुराचे ४८ आवाज झाले. असे १३ सूर, म्हणजे एकूण ६२४ आवाज. प्रत्येक सुराची टेप कापून तिची दोन टोके जोडायची. असा सुमारे १२ फुटांचा वेढा माइकच्या स्टँडवरून फिरवला की तो सूर न थांबता वाजत राही, कारण टेपला दम लागत नाही.

या आवाजांच्या कामातच जवळजवळ तीन आठवडे गेले. एवढा वेळ त्यांना मिळाला, कारण स्टुडिओ घरचाच होता. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावातल्या 'स्ट्रॉबेरी स्टुडिओज'मध्ये एरिक स्वतः भागीदार होता. तासाला भाडे मोजावे लागले असते तर हे गाणे असे झालेच नसते.

मग ते सगळे सूर मिक्सिंगच्या टेबलावर आणले. प्रत्येक सुराला एक सरकपट्टी. चौघे टेबलाभोवती बसले आणि जो सूर हवा त्याची पट्टी वर, नको त्याची खाली असे करत त्यांनी ते टेबलच पेटीसारखे वाजवले. पट्ट्या पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे सगळे सूर मागे अगदी मंद, धुक्यासारखे कायम ऐकू येतात. त्यावर इलेक्ट्रिक पियानो, थोडी गिटार आणि सिंथेसायझरवर काढलेला हृदयासारखा एक ठोका. बस.

मधल्या भागात मात्र काहीतरी कमी वाटत होते. तेवढ्यात स्टुडिओच्या कामकाजाची कॅथी रेडफर्न दार उघडून आत आली. एरिकला फोन आला होता. आत काम चालले आहे म्हणून ती अगदी दबक्या आवाजात, कुजबुजत बोलली. लोलने ते ऐकले आणि म्हणाला, हाच आवाज हवा. ती आधी तयार नव्हती, मग तयार झाली. मुलग्यांना लहानपणापासून रडू नको म्हणून जे समजावतात, त्या अर्थाचे चार शब्द ती गाण्याच्या मध्यावर कुजबुजते. सहा मिनिटांच्या या गाण्यात खरे बोलणारी ती एकटीच आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटते. तो प्रेमात नाही म्हणत असतो आणि ती त्याला हळूच गप्प करते.

गाणे मार्च १९७५ मध्ये 'द ओरिजिनल साउंडट्रॅक' या अल्बममध्ये आले. पण सुट्या तबकडीसाठी सहा मिनिटे फार मोठी वाटली, म्हणून त्या अल्बममधले दुसरेच गाणे आधी काढले गेले. हे गाणे मे महिन्यात निघाले आणि जूनअखेर इंग्लंडच्या यादीत पहिले आले. दोन आठवडे ते तिथे राहिले. अमेरिकेत ते तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होते आणि गंमत म्हणजे त्या तीनही आठवड्यांत पहिल्या क्रमांकावर वेगवेगळी गाणी होती. पुढे १९७६ मध्ये त्याला इंग्लंडमधले मानाचे आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाले. त्यातला एक होता सर्वांत जास्त वेळा वाजलेल्या ब्रिटिश रचनेचा. त्याच वर्षी केव्हिन आणि लोल बँडमधून बाहेर पडले. गाणे मात्र चालत राहिले. २०१४ मध्ये 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' या चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला ते वाजले आणि आपल्या नातवंडांच्या वयाच्या मुलांपर्यंत पोहोचले.

आता माझे मत. हे गाणे 'नाही' म्हणते आणि लोकांनी मात्र ते प्रेमगीत म्हणूनच ऐकले. ते का, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. शब्द नकाराचे आहेत, पण मागचे ६२४ आवाज एकदाही थांबत नाहीत. माणूस खोटे बोलतो आणि त्याच्या मागची हवा खरे सांगते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अबोल मायेचेही तसेच होते. ती ऐकायला कान तयार लागायचा.

तरीही मी ग्लोरियाच्या बाजूची आहे. जे दोन क्षणांत म्हणता आले असते ते न म्हणण्यासाठी चार माणसे कित्येक आठवडे राबली. गाणे सुंदर झाले, प्रश्नच नाही. पण प्रत्येक घरात स्टुडिओ नसतो आणि प्रत्येक बायकोने मागचे आवाज ओळखत आयुष्य काढावे, ही अपेक्षा रास्त नाही. कितीतरी बायका असा अर्थ लावता लावताच म्हाताऱ्या झाल्या.

एरिकला भीती होती की रोज म्हटल्याने शब्द झिजतात. त्याच्याच गाण्याला सर्वांत जास्त वेळा वाजल्याचा पुरस्कार मिळाला. इतकी वर्षे झाली, त्याच ओळी, तेच सूर, तीच कुजबुज. ते अजून झिजलेले नाही. मग घरातले दोन गोड शब्द कसे झिजतील?

मैत्रिणींनो, गाणे सवडीने ऐका, शक्यतो कानाला यंत्र लावून, म्हणजे मागचे आवाज नीट कळतील. आणि आपल्या मुलांना, सुनांना, यजमानांनाही ऐकवा. मग मधल्या कुजबुजीनंतर तुमच्या घरात कोण काय बोलले, ते मला जरूर कळवा.